धागा: दारू-तंबाखूच्या व्यसनाचा मेंदूवरचा परिणाम एमआरआयवर अभ्यासायचा आहे, कोकणात काय जमेल?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दारूच्या अवलंबित्वावर मेंदूच्या प्रतिमांचा एक अभ्यास करायचा विचार चालू आहे. एथिक्स कमिटीकडे कागद जायच्या आधी जाणकारांनी तो उलटसुलट तपासावा म्हणून इथे मांडतोय.

हाताशी १.५ टेस्ला चुंबकशक्तीचं एमआरआय यंत्र आहे, रविवारी अर्धा दिवस मोकळं मिळेल. ३० पुरुष दारूचं अवलंबित्व असलेले (बोटीवरचे खलाशी, बंदरावरचे हमाल, आंबा-काजूच्या बागेतले कामगार) आणि ३० निर्व्यसनी. यंत्रात झोपवून चित्रं दाखवायची: दारू, शीतपेय, घरगुती वस्तू, निसर्ग असे चार प्रकार. प्रत्येक प्रकाराचा २४ सेकंदांचा ब्लॉक, मग १२ सेकंद नुसतं अधिकचं चिन्ह. त्यानंतर ८ मिनिटं डोळे उघडे ठेवून स्वस्थ पडायचं.

प्रश्न असे. १.५ वर बोल्ड सिग्नल (मेंदूचा भाग कामाला लागला की रक्तातल्या प्राणवायूत पडणारा फरक) पुरेसा मिळतो का? शेवटच्या घोटानंतर किती दिवसांनी स्कॅन करायचा? डोपामिनसाठी (मेंदूतलं बक्षिसाशी जोडलेलं रसायन) पेट स्कॅनचा (किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेल्या प्रतिमांचा) विचार करावा का? आणि नातेवाईक विचारणारच, "डॉक्टर, याच्या मेंदूत काय दिसलं?" तर त्यांना काय सांगायचं?

---

चुंबकवाला

खाडीकाठ, सगळ्यात आधी ब्लॉकचं गणित बघा, कारण तिथेच अभ्यास बुडेल. चार प्रकार, प्रत्येकी २४ अधिक १२ म्हणजे ३६ सेकंद. एक फेरी १४४ सेकंदांची झाली. एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधला हाय-पास फिल्टर जसाच्या तसा ठेवला तर १२८ सेकंदांपेक्षा संथ चढउतार तो यंत्राचा वाहवा (सिग्नलचं हळूहळू सरकणं) समजून काढून टाकतो. दारूचं चित्र दर १४४ सेकंदांनी येणार असेल तर तुम्हाला हवा असलेला सिग्नलही त्याच्याबरोबर बराचसा जाईल, आणि निकाल कोरा आल्यावर दोष लोकांच्या मेंदूला लागेल. फिल्टर सैल केला तर यंत्राचा खरा वाहवा आत येतो, तो उपाय नाही.

निसर्ग काढून टाका. तीन प्रकार, १८ सेकंदांचा ब्लॉक (सहा चित्रं, प्रत्येकी ३ सेकंद), मध्ये १२ सेकंद. फेरी ९० सेकंदांची, चार फेऱ्या म्हणजे ६ मिनिटं. टीआर (अख्ख्या मेंदूची एक प्रतिमा घ्यायचा वेळ) २ सेकंद धरला तर १८० व्हॉल्यूम, म्हणजे तेवढ्या प्रतिमा. असे दोन रन (स्कॅनचे सलग तुकडे) घ्या, मध्ये दोन मिनिटं माणसाशी बोला. प्रत्येक रनचे पहिले ५ व्हॉल्यूम चित्रं सुरू व्हायच्या आधी जाऊ द्या आणि नंतर टाकून द्या, चुंबकीकरण स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. ब्लॉकचा क्रम प्रत्येक फेरीत बदलता ठेवा, नाहीतर पुढे काय येणार हे माणसाला कळतं आणि दारूच्या चित्राआधीच मेंदू तयारीला लागतो.

१.५ वर बोल्ड मिळतो. १९९० मध्ये ओगावांनी तो दाखवल्यानंतर पुढची दहा-बारा वर्षं माणसांवरचं बरंचसं काम १.५ वरच झालं. पण ३ टेस्लाचा टीई (सिग्नल वाचण्याआधीचा थांबा) ३० मिलिसेकंद इथे उचलून लावू नका. १.५ वर ४० ते ५० मध्ये ठेवा. खरी अडचण डोळ्यांच्या वर, कपाळामागच्या खालच्या भागात आहे. सायनसमधली हवा शेजारी असल्यानं तिथला सिग्नल गळतो, आणि व्यसनाच्या अभ्यासात नेमका तोच भाग हवा असतो. स्लाइस (प्रतिमेचे काप) एसी-पीसी रेषेला (मेंदूच्या मध्यातून जाणारी खुणेची रेषा) साधारण ३० अंश तिरपी करा (पुढची कड वर), जाडी ३ मिमीच्या वर नेऊ नका. फेज एन्कोडिंग (प्रतिमा वाचण्याची एक दिशा) उलट्या दिशेनं करून चार-पाच व्हॉल्यूम घ्या, वाकलेली प्रतिमा नंतर सरळ करता येते. यंत्रात ही सोय नसेल तर फील्ड मॅप (चुंबकक्षेत्राचा नकाशा) घ्या. हे दोन्ही राहिलं तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

क्रमही बदला. स्वस्थ पडायचा स्कॅन चित्रांच्या आधी घ्या. दारूची चित्रं बघून चाळवलेली तलफ काही मिनिटं टिकते, ती विश्रांतीच्या स्कॅनमध्ये मिसळते. लोकलायझर (डोक्याची जागा ठरवणारा) १ मिनिट, टी-वन (मेंदूच्या रचनेची प्रतिमा) १ मिमीवर ५ ते ६ मिनिटं, विश्रांती ८, चित्रांचे दोन रन मिळून १४, शेवटी फ्लेअर (इजा ठळक दाखवणारी प्रतिमा) ४ आणि डीटीआय (मेंदूतल्या तंतूंची प्रतिमा) ३२ दिशांचा ६-७ मिनिटं. चढवणं-उतरवणं धरून माणशी एक तास. अर्ध्या दिवसात तीनच माणसं बसवा, चौथा घाईत होतो.

---

सुरंगी

मी मनोविकाराच्या बाजूनं लिहिते. चुंबकवाले म्हणतात ते सगळं बरोबर झालं तरी माणूस कोणत्या दिवशी यंत्रात गेला यावरून निकाल उलटू शकतो.

दारू बंद केल्यावर फेफरं येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत, तीव्र कंप आणि भ्रमाचा ४८ ते ९६ तासांत. त्या आठवड्यात संशोधनासाठी स्कॅन करायचाच नाही. मग गोळ्यांचा प्रश्न येतो. दारू सोडवताना क्लोरडायझेपॉक्साइड (शांत करणारी गोळी) दिलं असेल तर त्याचे सक्रिय घटक शरीरात कित्येक दिवस रेंगाळतात, यकृत खराब असेल तर आणखी. त्या अवस्थेतला "मंद" मेंदू दारूनं झाला की गोळीनं, हे सांगता येणार नाही. दारू थांबून किमान तीन आठवडे आणि शेवटच्या गोळीला किमान दोन आठवडे, हा नियम प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि सगळ्यांना सारखा लावा. तिसऱ्या आठवड्यात एकाला आणि तिसऱ्या महिन्यात दुसऱ्याला असं चालणार नाही, कारण दारू सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मेंदूचं आकारमान अंशतः भरून यायला लागतं. एकाच गटात दोन वेगवेगळे मेंदू मोजले जातील.

थायमिनबद्दल (बी-१ जीवनसत्त्व), संशोधन असो वा नसो: अवलंबित्व असलेल्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला थायमिन आधी आणि ग्लुकोजची बाटली नंतर. चालताना झोक जातोय, नजर हलतेय, गोंधळलाय, यातलं काहीही दिसलं तर वेर्निकेचा (थायमिनच्या अभावानं होणारी मेंदूची इजा) संशय धरून शिरेतून थायमिन सुरू करायचं, एमआरआयची वाट बघायची नाही. वेर्निकेमध्ये एमआरआयची संवेदनशीलता सुमारे ५३ टक्केच आहे, विशिष्टता ९३. म्हणजे दिसलं तर खरं, पण दिसलं नाही म्हणून आजार नाही असं मुळीच नाही.

आता मशेरी. तुमच्या "निर्व्यसनी" गटात ती हमखास घुसणार. "तंबाखू खाता का?" याला "नाही" उत्तर देणारा माणूस सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असतो, कारण त्याच्या लेखी ते दात घासणं आहे. प्रश्न वेगवेगळे विचारा: मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, पानात तंबाखू असते का, गुटखा, विडी. आणि लघवीतलं कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारं द्रव्य) तपासा, ते दोन-तीन दिवस सापडतं. निकोटिनमुळे रक्तप्रवाह आणि लक्ष दोन्ही बदलतं, तलफ लागलेली असेल तर आणखी वेगळं. त्यामुळे तंबाखूला मनाई करून तासन्‌तास ताटकळत ठेवू नका आणि दाराशी मशेरी लावून लगेच आतही घेऊ नका. शेवटचं सेवन स्कॅनच्या आधी एक तास, असं काहीतरी एकच ठरवा. चहालाही हाच नियम.

माझं स्पष्ट मत: निर्व्यसनी गट ठेवूच नका. दारूच्या रुग्णांत तंबाखू न घेणारा शोधून सापडणार नाही. तुलनेचा गट मशेरी-तंबाखू घेणाऱ्या पण दारू न पिणाऱ्यांचा ठेवा. नाहीतर दारूच्या नावावर तंबाखूचा परिणाम छापला जाईल.

किती प्यायले याची नोंद ९० दिवसांची कॅलेंडर पद्धतीनं घ्या, पण तारखा विचारू नका, कोणाला आठवत नाहीत. खुणा इथल्या वापरा: १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी, नारळी पौर्णिमा, गणपती, गावची जत्रा, शिमगा, आंब्याची काढणी. "बंदीत घरी होतास तेव्हा रोज किती? बोट सुटल्यावर?" असं विचारलं की आकडा जवळपास खरा येतो. बंदीच्या दोन महिन्यांत माणसं गावात सापडतात म्हणून तेव्हाच भरती करण्याचा मोह होईल. पण तेव्हा हातात पैसा कमी आणि पिण्याचा नमुना वेगळा असतो. वर्षभर पसरून भरती करा, किंवा दोन्ही गट त्याच काळात घ्या.

---

खाडीकाठ

चुंबकवाले, सुरंगीताई, मनापासून आभार. फेरीचं गणित खरंच लक्षात आलं नव्हतं. तुलनेच्या गटाचा बदल मान्य.

चित्रांबद्दल एक विचारायचं राहिलं. परदेशी संशोधकांचे तयार चित्रसंच मिळतात, ते वापरावेत का? आणि पेटबद्दल कोणी सांगेल का?

---

तिठा

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनातला माणूस म्हणून चित्रांचं उत्तर देतो: तयार संच वापरू नका. उंच काचेच्या ग्लासातली फेसाळ बिअर आणि वाईनचा पेला बघून इथल्या खलाशाला तलफ येत नाही. त्याची तलफ देशीच्या क्वार्टरशी, प्लॅस्टिकच्या ग्लासाशी, शेंगदाण्याच्या पुडीशी, सुक्या बोंबलाच्या चखण्याशी बांधलेली आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा असेल तर काजूच्या फेणीशी. किनाऱ्यावर माडी पिणारा असेल तर मडक्याशी. साठेक फोटो स्वतः काढा, अभ्यासात नसलेल्या पण उपचार घेत असलेल्या वीस-पंचवीस जणांना दाखवून प्रत्येक चित्राला ० ते १० मध्ये तलफेचे गुण घ्या आणि वरची २४ ठेवा. प्रत्येक चित्राला जोडीचं साधं चित्र हवं: त्याच हातात, त्याच टेबलावर, त्याच उजेडात पाण्याचा ग्लास किंवा कोकम सरबत. उजेड, रंग आणि चित्रातला पसारा जुळला नाही तर दृष्टीचा भाग उजळेल आणि तो तलफेचा समजला जाईल.

बोटीवरचे बरेच खलाशी नेपाळचे असतात. त्यांचं संमतीपत्र, सूचना, तलफेची पट्टी सगळं नेपाळीत लागेल आणि चित्रंही त्यांच्याकडून वेगळी तपासून घ्यावी लागतील. ते जमणार नसेल तर पहिला अभ्यास मराठी बोलणाऱ्यांपुरता ठेवा आणि तसं स्वच्छ लिहा.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तीन आठवडे कष्टानं कोरडा राहिलेल्या माणसाला तुम्ही यंत्रात पुन्हापुन्हा दारू दाखवणार आहात. तो बाहेर पडला की पहिल्या वळणावर बार आहे. स्कॅनच्या आधी आणि नंतर ० ते १०० च्या पट्टीवर तलफ मोजा. नंतरचा आकडा आधीच्या पातळीवर येईपर्यंत त्याला सोडायचं नाही. समुपदेशक जागेवर हवा, फोनवर नाही. जेवण द्या, घरचं माणूस बरोबर पाठवा, संध्याकाळी फोन करा, पुढचे सात दिवस करा. येण्याजाण्याचं आणि बुडलेल्या मजुरीचं पैशांत द्यायचं ते त्याच दिवशी रोख हातात देऊ नका, खात्यावर किंवा बायको-आईच्या संमतीनं दुसऱ्या दिवशी. हे पानभर लिहून एथिक्स कमिटीला द्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा नाजूक गटांसाठी जादा संरक्षण मागतातच, पण त्यांनी मागितलं नसतं तरी ते द्यायला हवं होतं.

---

किरणोत्सार

पेटचं थोडक्यात. या क्षेत्राचा पाया पेटनंच घातला. व्यसनाच्या संशोधक नोरा वोल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या शेवटापासून हे काम केलं. कोकेन घेणाऱ्यांत स्ट्रायटममधले (मेंदूच्या खोलातला, बक्षिसाशी जोडलेला भाग) डोपामिनचे डी-टू रिसेप्टर (डोपामिन पकडणारे बिंदू) कमी उपलब्ध असतात हे त्यांनी दाखवलं, पुढे दारू आणि मेथमध्येही (मेथॅम्फेटामिन) तसंच आढळलं. १९९७ मध्ये त्यांनीच मोजलं की डोपामिन परत शोषणाऱ्या वाहकांपैकी किमान ४७ टक्के अडवले गेल्याशिवाय कोकेनची नशा जाणवत नाही, आणि लोक सहसा घेतात त्या मात्रेत ६० ते ७७ टक्के अडतात. इतका थेट आकडा एमआरआय कधीच देऊ शकत नाही. एमआरआयला डोपामिन दिसत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा फरक दिसतो.

पण चिपळूण-रत्नागिरीत ते होणार नाही, आणि कारण साधं आहे. डी-टू साठीचं रॅक्लोप्राइड हे द्रव्य कार्बन-११ वर बनवतात, त्याचं अर्धायुष्य २० मिनिटं. दोन तासांत सहा अर्धायुष्यं उलटतात आणि चौसष्टावा हिस्सा उरतो. सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) त्याच इमारतीत किंवा शेजारी लागतो. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली आला. तिथून महामार्गानं निघालेलं कार्बन-११ पनवेलच्या पुढे फार टिकणार नाही. फ्लोरिन-१८ चं एफडीजी ११० मिनिटांच्या अर्धायुष्यामुळे प्रवास करू शकतं, साडेपाच तासांनंतरही आठवा हिस्सा उरतो. पण ते ग्लुकोजचा वापर दाखवतं, डोपामिन नाही. शिवाय निरोगी तुलनेच्या गटाला किरणोत्सर्गाची मात्रा द्यायची म्हणजे त्याचं समर्थन भक्कम लागतं. पहिल्या अभ्यासात पेट नको.

---

चुंबकवाला

सुरक्षेचं लिहायचं राहिलं होतं. छापील फॉर्ममध्ये पेसमेकर, क्लिप, स्टेंट असतं. कोकणात त्यात भर घालावी लागते.

छर्रे. रानडुकराच्या शिकारीत उडालेला छर्रा अंगात राहिलेली माणसं इथे भेटतात आणि ती स्वतःहून सांगत नाहीत. शिसं चुंबकाला ओढलं जात नाही, पोलाद ओढलं जातं. एक्स-रेवर छर्रा दिसतो पण तो कशाचा हे खात्रीनं ठरत नाही. अभ्यासासाठी असा माणूस घेऊच नका. "बंदूक लागली होती का?" असं पोलिसासारखं विचारलं तर नाही म्हणतील, "अंगात कुठे लोखंडाचा कण, गळाचा तुकडा, छर्रा राहिलाय का, यंत्र तो ओढेल आणि इजा होईल" असं विचारा. बोटीच्या वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम केलेल्याच्या डोळ्यांचा एक्स-रे आधी.

चांदीचा करदोटा, ताईत, कानातली बाळी, बायकांची जोडवी आणि मंगळसूत्र. सोनं-चांदी ओढली जात नाही म्हणून काही जण राहू देतात. वेढा पूर्ण असलेला धातू तापतो आणि भाजतो. करदोटा काढायला माणूस नाराज असेल तर आदल्या भेटीतच सांगून ठेवा, टेबलावर वाद नको. निकोटिनचा पॅच लावलेला असेल तर काढा, काहींच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो.

वीज गेली तरी चुंबक चालूच असतो. पावसाळ्यात दिवे गेले की मदतीला कोणीतरी लोखंडी टॉर्च किंवा ऑक्सिजनचा नळकांडा घेऊन आत धावतं, हा प्रसंग आधी सरावात घ्या. प्लॅस्टिकची विजेरी दाराशी टांगलेली हवी.

समुद्राजवळच्या यंत्राचा आणखी एक त्रास. आरएफ खोलीच्या (बाहेरचे रेडिओ तरंग अडवणारी यंत्राची खोली) दाराच्या कडेला तांब्याच्या लवचिक पट्ट्या असतात, खाऱ्या दमट हवेनं त्या काळवंडतात, संपर्क सुटतो आणि बाहेरचे रेडिओ तरंग आत येतात. प्रतिमेत ठिपक्यांची सरळ रेघ दिसली की आधी दार बघा. साध्या निदानात ही रेघ चालून जाते, एफएमआरआयमध्ये (बोल्ड मोजणारा एमआरआय) नाही, कारण तुम्ही शोधताय तो बदल अर्ध्या-एक टक्क्याचा किंवा त्याहून कमी असतो. दर रविवारी पहिल्या माणसाआधी फॅन्टमवर (माणसाऐवजी ठेवायचा चाचणीचा गोळा) २०० व्हॉल्यूमचा ईपीआय (एफएमआरआयचा जलद स्कॅन) घ्या आणि सिग्नलचा वाहवा आलेखावर नोंदवत चला. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत. चिलरचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्यानं गंजतं, जून उजाडायच्या आत सर्व्हिसिंग. आणि एकदा अभ्यास सुरू झाला की सॉफ्टवेअर अपग्रेड, कॉइल बदल, सगळं शेवटच्या माणसापर्यंत थांबवा. थांबत नसेल तर निदान दोन्ही गटांतली माणसं आलटून पालटून घ्या. आधी सगळे रुग्ण, मग सगळे तुलनेचे, असं केलंत तर यंत्राचं म्हातारपण व्यसनाच्या खात्यावर जाईल.

---

आकडेमोड

संख्येबद्दल. गटात ३० म्हणजे ८० टक्के शक्तीनं (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) फक्त सुमारे ०.७४ किंवा त्याहून मोठा प्रमाणित फरक (सरासऱ्यांतला फरक भागिले प्रमाण विचलन) पकडता येईल. व्यसनाच्या प्रतिमाशास्त्रातले खरे फरक बहुतेक त्याहून लहान असतात. ०.५ चा फरक पकडायला गटात ६४ लागतात, आणि हलल्यामुळे बाद होणारे धरून ७५-८० भरती करा. ते शक्य नसेल तर प्रश्न कमी करा: एकच भाग, एकच तुलना, आधी नोंदवून ठेवलेली. सीटीआरआयवर (भारतातली वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) हे गृहीतक पहिल्या स्कॅनच्या आधी लिहा.

३ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेचा छोटा घन ठोकळा) अख्ख्या मेंदूचे साधारण ५० हजार तुकडे होतात. प्रत्येकाला ०.०५ ची कसोटी लावली तर काहीही नसताना अडीच हजार "उजळतील". २००९ मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून चित्रं दाखवली आणि इतक्या कसोट्यांसाठीची दुरुस्ती न केल्यास त्याच्या मेंदूतही सक्रिय ठिपके सापडतात हे दाखवून दिलं. २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुरुस्ती केली तरी पुंजक्यांचा उंबरठा सैल असेल तर चुकीचे निकाल ५ टक्क्यांच्या जागी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. पुंजक्याचा उंबरठा ०.००१ ठेवा, किंवा सरळ ५००० फेऱ्यांची पर्म्युटेशन कसोटी (माणसांचे गट उलटसुलट करून बघणारी).

अक्युम्बेन्स (स्ट्रायटमच्या तळाचा, तलफेशी जोडलेला भाग) हा तुमचा आवडता भाग असणार. एका बाजूचा अक्युम्बेन्स जेमतेम ०.६ मिली, म्हणजे २२ च्या आसपास व्हॉक्सेल. त्यावर ८ मिमीचं स्मूदिंग (शेजारच्या व्हॉक्सेलांशी सरासरी) चढवलं की शेजारच्या कॉडेट या भागाचा सिग्नल त्यात मिसळतो. ५ मिमीच्या पुढे जाऊ नका, आणि भागाची सीमा प्रत्येकाच्या स्वतःच्या टी-वनवरून फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरनं काढा, सरासरी नकाशावरून नाही.

हलणं हा सगळ्यात फसवा घटक. दारू सोडलेला माणूस तुलनेच्या माणसापेक्षा जास्त हलतो. २०१२ पासून हे पक्कं माहीत आहे की मिलिमीटरच्या अंशाइतकं हलणंही विश्रांतीच्या स्कॅनमध्ये लांबच्या भागांमधला संबंध कमी आणि जवळच्यांमधला जास्त दाखवतं. मग "व्यसनात मेंदूचे दूरचे दुवे तुटतात" असा निबंध तयार होतो आणि प्रत्यक्षात मोजलेलं असतं ते चुळबुळणं. फ्रेमगणिक सरकण ०.५ मिमीच्या वर गेलेले व्हॉल्यूम काढा, सरासरी ०.२ च्या वर असलेल्यांचं विश्लेषण वेगळं करा, आणि दोन्ही गटांची सरासरी पहिल्याच तक्त्यात छापा. कानात बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम, कपाळावर कागदी चिकटपट्टी: ती ओढली गेली की माणसाला स्वतःलाच कळतं.

---

सुरंगी

आकडेमोड यांच्या मुद्द्याला जोडून, कारण आणि परिणाम. तुमच्या आराखड्याच्या शीर्षकात "दारूचे परिणाम" आहे. एकदाच स्कॅन करून परिणाम कळत नाही, फक्त फरक कळतो. २००७ मध्ये डॅली आणि सहकाऱ्यांनी उतावळ्या उंदरांत कोकेन द्यायच्या आधीच डी-टू कमी असल्याचं दाखवलं, आणि पुढे कोकेन जास्त त्यांनीच घेतलं. २०१२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन एर्श यांनी उत्तेजकांचं व्यसन असलेली माणसं आणि त्यांची व्यसन नसलेली सख्खी भावंडं यांचे मेंदू तपासले. स्वतःला आवरण्याशी निगडित भागांतले बरेचसे बदल भावंडांतही होते. उलट बाजूनं, २००२ चा माकडांवरचा अभ्यास आहे: एकेकटी ठेवलेली माकडं कळपात आणल्यावर जी वरचढ ठरली त्यांचे डी-टू वाढले आणि ती कोकेनकडे कमी वळली. परिस्थितीही रिसेप्टर बदलते.

म्हणून शक्य असेल तर दारू न पिणारा सख्खा भाऊ हा तिसरा गट करा. कोकणातल्या घरांत दोन-तीन भाऊ एकाच गावात सापडतात, मुंबईत हा गट जमवणं कठीण. आणि त्याच रुग्णांचा सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन. मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न मुलांपासून सुरू करून विचारला जातोय: अमेरिकेत एबीसीडी अभ्यास ९-१० वर्षांच्या सुमारे ११,८०० मुलांपासून निघाला, आपल्याकडे निम्हान्स या बंगळुरूच्या मनोविकार संस्थेच्या पुढाकारानं सीव्हेडा हा अभ्यास ६ ते २३ वयोगटावर चालतो. त्यांच्या प्रश्नावल्या आणि स्कॅनच्या पद्धती बघूनच तुमच्या ठरवा, म्हणजे पुढे विदा जुळवता येईल.

---

तिठा

नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही आणि माझ्या मते तो सर्वात तातडीचा आहे. रंगीत स्कॅनची जाहिरात करणारी पत्रकं फिरतात: निरोगी मेंदू गुळगुळीत, व्यसनी मेंदूला भोकं. घरचे दागिने मोडून पैसे भरायला तयार होतात. ती भोकं खरी असतात का?

---

सुरंगी

नाही. ती बहुतेक स्पेक्ट स्कॅनची (रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) पृष्ठचित्रं असतात. ठरावीक उंबरठ्याखाली रक्तप्रवाह असलेला भाग रंगवायचाच नाही असं सॉफ्टवेअरला सांगितलं की तिथे भोक दिसतं. उंबरठा थोडा खाली सरकवला की तेच भोक बुजतं. त्या जागी मेंदू असतो.

आज कुठलाही स्कॅन एका माणसाकडे बघून "हा व्यसनी आहे", "हा पुन्हा पिणार" किंवा "याला अमुक औषध लागू पडेल" असं भरवशानं सांगू शकत नाही. गटांच्या सरासरीत फरक आहे, पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्याचा आकडा घेऊन काही ठरवता येत नाही. त्यात २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात एफएमआरआयच्या नेहमीच्या कामांची पुनरावृत्ती तपासली, तेव्हा त्याच माणसाचा दुसऱ्या वेळचा निकाल पहिल्याशी जुळण्याचं मापन ०.४ च्या आसपासच निघालं. वैद्यकीय निर्णयाला ते पुरत नाही. निदान प्रश्न विचारून, तपासून होतं. ऑडिट या दारूच्या सवयीवरच्या प्रश्नावलीचे दहा प्रश्न फुकट आहेत आणि त्यातून स्कॅनपेक्षा जास्त कळतं.

एमआरआय रुग्णासाठी कधी करायचा ते वेगळं: डोक्याला मार, नवीन फेफरं, शुद्ध न येणं, एका बाजूची कमजोरी, वेर्निकेचा संशय. विषारी दारूनंतर नजर गेली असेल तर मिथेनॉलमुळे दोन्ही बाजूंच्या पुटामेन या मेंदूतल्या खोल भागाला झालेली इजा दिसू शकते, पण उपचार तिच्यासाठीही थांबत नाहीत. यकृत गेलेल्या माणसात टी-वनवर ग्लोबस पॅलिडस हा आतला भाग उजळ दिसतो, ते मँगनीज साठल्यामुळे, व्यसनाचा ठसा म्हणून ते दाखवू नका.

नातेवाइकांना सांगायचं वाक्य संमतीपत्रातच लिहा: "या तपासणीतून तुमच्या माणसाच्या व्यसनाबद्दल वैयक्तिक अहवाल मिळणार नाही." पण प्रत्येक टी-वन आणि फ्लेअर रेडिओलॉजिस्टनं बघायचाच. अगदी निरोगी माणसांतही शंभरातल्या दोन-तिघांत काहीतरी अनपेक्षित सापडतं. ते कोण सांगणार, किती दिवसांत, पुढचा खर्च कुठून, हे आधी ठरलेलं हवं.

---

खाडीकाठ

सुधारून मांडतो. तीन गट: दारू-तंबाखू, फक्त तंबाखू, दारू न पिणारे भाऊ. एकच गृहीतक, अक्युम्बेन्सचा दारू वजा सरबत हा फरक. इथली चित्रं. वर्षभर भरती. पेट नाही. शीर्षकातला "परिणाम" शब्द काढतो.

एकच प्रश्न उरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हापासून तरुण मुलांमधल्या गांजा-चरसबद्दल बरंच बोललं जातंय. तोही गट घ्यावा का?

---

सुरंगी

या अभ्यासात नको. गांजाच्या बाबतीत रचनेवरचे निष्कर्ष फार डळमळीत आहेत. २०१४ मध्ये अक्युम्बेन्सचा आकार बदलतो असा निबंध आला, २०१५ मध्ये दारूचं प्रमाण नीट जुळवून तपासल्यावर फरक दिसला नाही. भक्कम निकाल पेटचा आहे: रोज ओढणाऱ्यांत सीबी-वन रिसेप्टर (गांजातलं द्रव्य जिथे बसतं ते बिंदू) काही भागांत साधारण २० टक्के कमी आणि सुमारे चार आठवडे बंद ठेवल्यावर भरून आलेले. तुमच्याकडे पेट नाही. शिवाय रोज ओढणाऱ्याच्या लघवीत चाचणी कित्येक आठवडे होकारार्थी येते, त्यामुळे "सोडून किती दिवस झाले" हे लघवीवरून सिद्ध करता येत नाही.

---

तिठा

कायद्याची बाजूही बघा. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ चं संरक्षण थोड्या प्रमाणाच्या प्रकरणात, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेनं उपचार घेणाऱ्याला आहे. संशोधनात भाग घेणं म्हणजे उपचार नव्हे. दारूच्या गटातही काही जण बोलता बोलता चरसचं सांगतील. त्यांची नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या कुलुपात, सांकेतिक क्रमांकाची यादी एकाच माणसाकडे. डायकॉम (यंत्रातून निघणाऱ्या प्रतिमेच्या) फायलीच्या आत नाव आणि जन्मतारीख असते, ती यंत्रावरच क्रमांकानं बदला. टी-वनवरून चेहरा उभा करता येतो, म्हणून फाइल बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसा.

जे मदत मागतील त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापा. अभ्यासात बसला नाही म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येकाला ते पान आणि जवळच्या मनोविकार ओपीडीचा वार लिहून द्या.